खांद्याला वर जाऊ द्या

“बार डोक्यावर नेऊ नका, खांदे जातील.”

पुण्या-मुंबईच्या जिममध्ये हे वाक्य आता नियमासारखं सांगितलं जातं. ट्रेनर सांगतो, शेजारच्या बाकावरचा जुना मेंबर सांगतो, मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात. चाळिशी उलटलेल्याला तर ते न विचारताच ऐकवलं जातं. उभं राहायचं, बार खांद्यांपासून सरळ डोक्यावर ढकलायचा आणि हात पूर्ण ताठ करायचे, एवढाच हा व्यायाम. कुणी त्याला ओव्हरहेड प्रेस म्हणतं, कुणी मिलिटरी प्रेस. त्याऐवजी मशीनवर बसवून अर्ध्यातच थांबायला लावतात, नाहीतर हलके डंबेल घेऊन साइड रेझ करायला सांगतात. सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे. तो ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत तपासणीत टिकलेली नाही, आणि जो तो इमानाने पाळतो त्याचंच नुकसान होतं.

बंदीमागचा युक्तिवाद आधी नीट मांडायला हवा, कारण ऐकताना तो पटतो. दंडाच्या हाडाचा गोल माथा आणि त्याच्या वर आलेलं खांद्याच्या पात्याचं टोक, म्हणजे अ‍ॅक्रोमियन, यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटरची फट असते. त्या फटीतून रोटेटर कफ या स्नायूंच्या गटाची कंडरा जाते. हात वर गेला की फट आवळते, कंडरा दोन हाडांमध्ये चिमटते आणि रोज रोज घासून शेवटी फाटते. मग वजन घेऊन हात वर नेणं म्हणजे ही झीज स्वतःहून ओढवून घेणं, असा निष्कर्ष निघतो. याला इम्पिन्जमेंट म्हणतात आणि हा शब्द आता डॉक्टरांपेक्षा ट्रेनरांच्या तोंडी जास्त ऐकू येतो.

हे चित्र वैद्यकशास्त्रात ठसवलं ते न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी. १९७२ मध्ये त्यांनी अ‍ॅक्रोमियनचा पुढचा भाग छाटून फट मोकळी करण्याची शस्त्रक्रिया मांडली. १९८३ मध्ये ते याच्याही पुढे गेले आणि रोटेटर कफच्या ९५ टक्के फाटण्यांचं कारण हे घासणंच आहे, असं त्यांनी लिहिलं. नीअर मोठे शल्यविशारद होते, खांद्याच्या शस्त्रक्रियेला त्यांनी दिलेलं योगदान खरंच मोलाचं आहे. पण ९५ टक्क्यांचा तो आकडा त्यांच्या अनुभवातून आलेला अंदाज होता, प्रयोगातून आलेला निष्कर्ष नव्हता. पुढची कित्येक वर्षं जगभर लाखो खांद्यांमधलं हाड याच विचाराने घासून कमी केलं गेलं.

आता या विचाराची कसोटी अवघड नाही. दुखणं हाडामुळे असेल, तर हाड छाटल्यावर रुग्णाला बरं वाटायला हवं, आणि न छाटता नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली तर तेवढं बरं वाटता कामा नये. ब्रिटनमध्ये ३२ रुग्णालयांतल्या ३१३ रुग्णांवर नेमकं हेच करून पाहिलं गेलं. एका गटाचं हाड छाटलं. दुसऱ्या गटाच्या खांद्यात दुर्बीण घातली, पण हाडाला हात लावला नाही. तिसऱ्या गटावर कसलेच उपचार केले नाहीत. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. हाड छाटलेल्यांत आणि नुसती दुर्बीण घातलेल्यांत काहीच फरक नव्हता. दोन्ही गट उपचार न घेतलेल्यांपेक्षा किंचित बरे होते, पण तो फरकही रुग्णाला जाणवावा इतका नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधल्या स्वतंत्र प्रयोगातही नकली शस्त्रक्रियेपेक्षा खरी शस्त्रक्रिया सरस ठरली नाही. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने अशा खांदेदुखीसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरली म्हणून प्रेस आपोआप सुरक्षित ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण बंदी ज्या कारणासाठी घातली होती ते कारण गेलं. हाडाने कंडरा कापली जाते ही गोष्ट ज्यांनी सांगितली, त्यांच्याच क्षेत्राने ती मागे घेतली आहे. जिममध्ये मात्र ती अजून ठणकावून सांगितली जाते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फट सर्वांत अरुंद नेमकी कधी होते? हात पूर्ण वर ताठ असताना नाही. रोटेटर कफमधल्या सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा दंडाच्या हाडाला जिथे चिकटते, ती जागा अ‍ॅक्रोमियनच्या सर्वांत जवळ येते ती हात खांद्याच्या पातळीपर्यंत किंवा त्याच्याही खाली असताना. हात आणखी वर गेला की दंडाचं हाड फिरत जातं आणि ती जागा अ‍ॅक्रोमियनच्या खालून पलीकडे निघून गेलेली असते. म्हणजे चिमटण्याची भीती खरी धरली, तरी डोक्यावर ताठ धरलेला बार ही त्या कंडरेसाठी सर्वांत अडचणीची जागा नव्हे. उलट, प्रेसऐवजी सुचवला जाणारा साइड रेझ हात खांद्याच्या पातळीला आणून तिथेच थांबवतो. साइड रेझ वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याने कुणाचा खांदा जात नाही. पण ज्या तर्काने प्रेस बंद केला, त्या तर्काने साइड रेझ आधी बंद करावा लागेल, आणि तसं कुणी करत नाही.

मग डोक्यावर वजन नेताना कितीतरी जणांचे खांदे खरोखर दुखतात, त्याचं काय? दुखतात, हे खरंच आहे. त्यामागचं एक कारण आपल्या जिममध्येच तयार केलं जातं आणि सुरक्षिततेच्या नावाखाली तयार केलं जातं. “खांदे खाली, पाती मागे खेचून घट्ट ठेवा,” ही सूचना बेंच प्रेससाठी योग्य आहे. तिथे पाठ बाकावर टेकलेली असते आणि पाती दाबून ठेवली की बार ढकलायला पक्का आधार मिळतो. तीच सूचना तशीच उचलून ओव्हरहेड प्रेसला दिली जाते, आणि तिथे ती घातक ठरते. हात वर जाणं ही एकट्या दंडाच्या हाडाची हालचाल नसते. १९४४ मध्ये इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याच्या हालचालीचा जो अभ्यास केला, तो आजही आधारभूत मानला जातो. त्यात त्यांनी दाखवलं की हात १८० अंश वर जातो तेव्हा त्यातले साधारण १२० अंश दंडाच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश पात्याच्या फिरण्यातून. पातं बाहेरच्या बाजूने वर फिरतं, त्याच्यासोबत अ‍ॅक्रोमियनही वर सरकतं आणि दंडाच्या माथ्याला वाट मिळते. ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरून पात्याच्या आतल्या कडेला जाणारा सेराटस हे स्नायू हे काम करतात.

तुम्ही पातं खाली खेचून धरलंत तर हे ६० अंश कुठून यायचे? ते कंबरेतून घेतले जातात. माणूस मागे वाकतो, बरगड्या पुढे निघतात, बार डोक्याच्या पुढेच लोंबकळत राहतो आणि सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूला येतो. दहाव्या-बाराव्या रेपला तिथे दुखायला लागतं, आणि मग ट्रेनर म्हणतो, बघा, मी सांगितलं होतं ना. उभी पाठ असलेल्या बाकावर बसवून प्रेस करायला लावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. बाक कंबरेला आधार देतो, पण मागे रेलून जोर लावला की पात्यांनाही दाबतो.

अमेरिकेतले प्रशिक्षक मार्क रिपेटो गेली कित्येक वर्षं याच्या उलट सांगत आले आहेत: बार वर पोहोचला की खांदे कानांकडे उचला, बार आणखी वर ढकलत राहा. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, त्यांची भाषा अनेकदा नको तितकी कडवट असते, पण या एका मुद्द्यावर शरीररचना त्यांच्या बाजूने आहे. वर उचललेला खांदा म्हणजे पातं पूर्ण फिरलेलं, स्नायूंनी बार तोलून धरलेला.

बाकीचं तंत्रही याच गोष्टीभोवती फिरतं. पकड खांद्यांच्या जरा बाहेर, इतकीच की समोरून पाहिलं तर कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड उभं दिसेल. बार तळहाताच्या मुळाशी, बोटांत लोंबकळणारा नाही. कोपर बाजूला फाकवलेले नाहीत, बारच्या किंचित पुढे ठेवलेले. पातं पाठीवर सपाट नसतं, पुढच्या बाजूला ३० ते ४० अंशांनी कललेलं असतं, म्हणून हातही त्याच दिशेने वर जायला हवेत. नितंब आणि पोट घट्ट. बार चेहऱ्याजवळून वर जातो, कपाळ ओलांडलं की डोकं बारच्या खाली पुढे येतं, आणि शेवटी बार, खांदे आणि पावलांचा मध्य एका उभ्या रेषेत येतात. हे सगळं पहिल्याच दिवशी नीट जमणार नाही. त्यासाठी २० किलोचा ऑलिंपिक बार घेण्याची गरज नाही. नवख्यांना, विशेषतः बायकांना, तो जड असतो. लाकडी काठी घ्या, मग दहा किलोचा रॉड. पुढे वाढवताना अर्ध्या, एक किलोच्या प्लेट वापरा. आपल्याकडच्या अनेक जिममध्ये अडीच किलोपेक्षा लहान प्लेटच ठेवत नाहीत. एका आठवड्यात पाच किलो वाढवायला लावायचं आणि मग दुखलं की व्यायामाला दोष द्यायचा, हे योग्य नाही.

आता ऑलिंपिकचा दाखला. “प्रेस इतका धोकादायक होता की ऑलिंपिकनेसुद्धा काढून टाकला,” असं अनेकजण खात्रीने सांगतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस वेटलिफ्टिंगमधून वगळला गेला हे खरं आहे. पण मुख्य अडचण पंचांची होती. प्रेसमध्ये गुडघे न वाकवता, अंग मागे न टाकता बार वर न्यायचा, असा नियम होता. लिफ्टर कंबरेतून इतके मागे वाकू लागले, इतका झटका देऊ लागले, की कुठला प्रेस वैध आणि कुठला अवैध हे ठरवणं अशक्य झालं. एका देशाचा पंच जे चालवून घ्यायचा ते दुसरा घेत नसे. म्युनिकमध्ये वेटलिफ्टर वासिली अलेक्सेयेवने प्रेसमध्ये २३५ किलो उचलले आणि क्लीन अँड जर्कमध्ये २३० किलो. जर्कमध्ये पायांचा पूर्ण जोर वापरायची मुभा असते, प्रेसमध्ये नसते. तरी प्रेसचा आकडा जर्कपेक्षा मोठा आला! प्रेस नावाखाली प्रत्यक्षात काय चाललं होतं ते यावरून कळतं. चिंता होती ती कंबरेची. आणि खांद्याला डोक्यावरचं वजन इतकंच घातक असतं, तर स्नॅच आणि जर्क आधी बंद झाले असते. ते आजही ऑलिंपिकमध्ये आहेत.

सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक जिंकलं, आणि त्याच स्पर्धेत क्लीन अँड जर्क करताना त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. ते पाहून कुणाच्याही पोटात कालवलं असेल. स्वतःच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास वजन, पदकाच्या ईर्षेने, वेगाने डोक्यावर फेकताना धोका असतोच. पण त्या धोक्याचं माप पंधरा किलोचा बार सावकाश वर नेणाऱ्या बँकेतल्या कारकुनाला लावायचं का? २०१७ मध्ये वजनाच्या खेळांतल्या दुखापतींचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. बॉडीबिल्डिंगसारख्या सरावात दर १००० तासांमागे ०.२४ ते १ दुखापत, असा त्यातला आकडा आहे. स्ट्राँगमन प्रकारात तो ४.५ ते ६.१ पर्यंत जातो. दुखापत होणाऱ्या जागांमध्ये खांदा वरच्या क्रमांकावर असतो, हे मी लपवत नाही. पण हे खांदे बेंच प्रेसही करतात, डिप्सही करतात, हनुवटीपर्यंत बार ओढणारी अपराइट रोही करतात. त्यातून एकट्या प्रेसला वेगळं काढून आरोपी ठरवण्याइतका पुरावा कुणाकडेही नाही.

मग एमआरआयचा अहवाल पुढे केला जातो. कंडरेत चीर दिसली, प्रेस कायमचा बंद. इथे दोन अभ्यास प्रत्येक ट्रेनरला माहीत असायला हवेत. १९९५ मध्ये ज्यांना खांद्याचा कसलाही त्रास नव्हता अशा ९६ जणांचा एमआरआय केला गेला, त्यातल्या ३४ टक्के लोकांच्या कंडरेत चीर सापडली. साठीच्या पुढच्यांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं. २०११ मध्ये ४० ते ७० वयाच्या, खांदा अजिबात न दुखणाऱ्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली, तेव्हा ९६ टक्क्यांच्या खांद्यात काही ना काही बिघाड दिसला. त्यातले किती जण बार डोक्यावर नेत होते कुणास ठाऊक, पण केस पिकावेत तशी ही वयाची खूण आहे. चित्रात चीर दिसते म्हणून हात वर न्यायचाच नाही असं सांगितलं, तर निम्म्या म्हाताऱ्यांना हात खाली ठेवूनच जगावं लागेल.

आणि दुखऱ्या खांद्यावरचा उपाय काय निघाला? भारच. स्वीडनमध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांना रोटेटर कफ आणि पात्याच्या स्नायूंचे, हळूहळू वाढत्या भाराचे व्यायाम दिले गेले. त्या गटातल्या २० टक्के लोकांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. साधे व्यायाम दिलेल्या गटातल्या ६३ टक्के लोकांनी. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत कंडरा आरपार फाटलेल्या, पण अपघाताने न फाटलेल्या, रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण व्यायामावर दोन वर्षं शस्त्रक्रियेशिवाय राहिले. यांनी काही पहिल्याच दिवशी बार उचलला नव्हता. पण खांद्याला काम दिल्याने तो सुधारतो आणि काम काढून घेतल्याने कमकुवत होतो, हे यातून स्पष्ट दिसतं.

कुणी प्रेस करू नये, हेही सांगायला हवं. खांदा नुकताच निखळला असेल तर नको. फ्रोझन शोल्डरच्या सुरुवातीच्या, रात्री झोप न येऊ देणाऱ्या टप्प्यात नको. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि मधुमेहात फ्रोझन शोल्डर जास्त होतो, म्हणून हा इशारा महत्त्वाचा आहे. पडल्यावर अचानक हात उचलता येईनासा झाला असेल, तर आधी डॉक्टर. काहीच वजन नसताना, पाठ भिंतीला टेकून, कंबर न वाकवता दोन्ही हात कानांपर्यंत नेता येत नसतील, तर बार घ्यायची घाई नको, आधी पाठीचा वरचा भाग आणि पाती मोकळी करा. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणाऱ्यांना हे लागतंच. मानेमागून बार नेण्याचा प्रकार मी सरसकट वाईट म्हणणार नाही, पण त्यात हात बाहेरच्या बाजूला खूप फिरवावा लागतो. २०१५ मधल्या एका अभ्यासाने तो सुरक्षित म्हटला तो खांद्याची पूर्ण हालचाल असलेल्यांसाठी. बाकीच्यांनी समोरूनच करावा, त्यात कसलाही तोटा नाही. व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी ते वाढलेलं असेल तर वजन कमी करायचं. हा विचार प्रत्येक माणसाचा वेगळा करावा लागतो. सर्वांना एकाच दमात “नको” म्हणणं सोपं आहे, म्हणूनच ते इतकं पसरलं.

या बंदीचा सर्वांत मोठा फटका बायकांना बसतो, त्यातही पन्नाशीच्या पुढच्यांना. त्यांना जिममध्ये आधीच दोन किलोचे रंगीत डंबेल देऊन कोपऱ्यात उभं केलं जातं. वय वाढतं तसा स्नायू कमी होतो आणि आठवड्यातून किमान दोनदा मोठ्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ज्या दिशेला जोर लावायची त्यांना रोज गरज पडते, तीच दिशा त्यांच्यासाठी बंद केली जाते. माळ्यावरची पितळी भांडी काढायची असतात, कोयना एक्स्प्रेसमध्ये वरच्या रॅकवर बॅग ठेवायची असते, पंखा पुसायचा असतो, नातवाला उचलून खिडकीतून चंद्र दाखवायचा असतो. यातलं कुठलंच काम कोपर नव्वद अंशांवर थांबवून होत नाही. काठीपासून सुरुवात करून सहा महिन्यांत पंधरा किलोचा बार पाच वेळा नीट डोक्यावर नेणारी पंचावन्न वर्षांची बाई हा काही चमत्कार नव्हे. नियमित आणि सावकाश वाढवलेल्या सरावातून ते होतं. तिला जिममध्ये “ताई, हे तुमच्यासाठी नाही” म्हणण्याआधी ट्रेनरने तिचे दोन्ही हात वर करायला लावून पाठीमागून तिची पाती फिरताना पाहावीत. ती नीट फिरत असतील, तर तिच्या हातात काठी द्यावी.